गोड पाणी, चोपण माती : लखनौ परिसरातील ऊसर जमिनींवरील जलसंशोधन

सिंचनाचे पाणी चांगले की वाईट, याचा निवाडा शेतकरी बहुधा जिभेवर करतो. पाणी मचूळ लागले, वरंब्यावर पांढरा थर दिसू लागला, की विहिरीवर संशय येतो; पाणी गोड असेल तर तो प्रश्नच उद्भवत नाही. उत्तर प्रदेशाच्या मध्य भागात, लखनौ, उन्नाव, रायबरेली, हरदोई या जिल्ह्यांत, हा निवाडा अनेकदा चुकीचा ठरला आहे. तेथील ऊसर जमिनींच्या काही पट्ट्यांत कूपनलिकेचे पाणी पिण्यास गोड असते, त्यातील एकूण क्षारही थोडे असतात. तरीही तेच पाणी वर्षानुवर्षे दिले गेले तर माती घट्ट होत जाते, पावसाचे पाणी तिच्यात मुरेनासे होते आणि पीक ओल्या मातीवर उभे राहून तहानेने वाळते. पाण्यात क्षार किती, यापेक्षा कोणते क्षार कोणत्या प्रमाणात आहेत, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

महाराष्ट्रात ज्या जमिनीस चोपण म्हणतात, तिचेच गंगेच्या खोऱ्यातील रूप म्हणजे ऊसर. देशातील क्षारबाधित जमिनींचे क्षेत्र सुमारे ६७.३ लाख हेक्टर मानले जाते. त्यांपैकी ३७.७ लाख हेक्टर जमीन चोपण आहे व त्यातील १३.५ लाख हेक्टर एकट्या उत्तर प्रदेशात आहे. महाराष्ट्रातील क्षारबाधित क्षेत्र सुमारे ६.०७ लाख हेक्टर असून त्यातील ४.२ लाख हेक्टरांहून अधिक जमीन चोपण गटात मोडते. म्हणजे लखनौच्या प्रयोगक्षेत्रांवर जे शोधले जात आहे, त्याचा संबंध पूर्णा आणि कृष्णा खोऱ्यांतील शेतीशी थेट पोहोचतो. मात्र तो कोठपर्यंत पोहोचतो व कोठे थांबतो, हे नीट पाहावे लागते.

शतकभराचा मागोवा

गंगा-यमुनेच्या दुआबात कालवे वाहू लागल्यानंतर काही वर्षांतच शेतांवर ‘रेह’ नावाचा पांढरा क्षार फुटू लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात इंग्रज सरकारला त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पुढे कृषिरसायनतज्ज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी संयुक्त प्रांतातील ऊसर जमिनींवर दीर्घकाळ प्रयोग करून जिप्समचा उपयोग दाखवून दिला. त्यांचा अहवाल १९१४ चा आहे. अलाहाबादच्या नीलरतन धर यांनी साखर कारखान्यांतील काकवी व प्रेसमड वापरून याच जमिनी सुधारण्याचा आग्रह धरला. लखनौजवळील बंथरा येथे राष्ट्रीय वनस्पती उद्यानाने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने, १९५० च्या दशकात ओसाड ऊसरावर झाडे वाढवून दाखविली. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली व तिचे प्रादेशिक केंद्र ऑक्टोबर १९९९ मध्ये लखनौत सुरू झाले.

या शेवटच्या घटनेमागील कारण लक्षात घेण्यासारखे आहे. हरियाणा-पंजाबात यशस्वी झालेली जिप्समची पद्धत हाताशी असतानाही नवे केंद्र काढावे लागले, कारण मध्य व पूर्व गंगा मैदानातील परिस्थिती वेगळी होती. येथे भूजल उथळ, माती अधिक भारी, जमिनीच्या पोटात कंकराचा कठीण थर आणि पृष्ठभागावरील पाण्यास वाट जवळजवळ नाही. जमीन तीच ‘चोपण’ या नावाची. परंतु तिच्याखालचे जलविज्ञान निराळे होते.

माती मिटते कशी

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याभोवती कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांसारखे धनभारित आयन चिकटून राहतात. कॅल्शियमवर दुहेरी भार असल्याने तो शेजारच्या कणांना एकत्र धरून ठेवतो. त्यातून मातीची रवाळ रचना तयार होते आणि रव्यांमधील पोकळ्यांतून हवा व पाणी खेळते. सोडियमवर एकच भार असून त्याच्याभोवती पाण्याचे जाड वेष्टन असते. कणांवर त्याचे प्रमाण वाढले की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगू लागतात आणि खाली बसताना नेमक्या त्या पोकळ्या बुजवतात. अशी माती ओली असता चिकट व निसरडी, वाळली असता विटेसारखी कठीण होते. शेतात चार दिवस पाणी तुंबलेले असते, पण कुदळीने खणून पाहिले तर वीतभर खाली माती कोरडी आढळते.

कणांवरील विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक, सामू साडेआठच्या वर आणि विद्युतवाहकता चार डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी, ही चोपण जमिनीची रूढ व्याख्या आहे. लखनौ परिसरातील बिघडलेल्या ऊसरात सामू दहाच्या घरात जातो. इतक्या सामूला मातीतील सेंद्रिय पदार्थच विरघळतो व पृष्ठभागावर काळसर डाग दिसतात. जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये मातीत असूनही पिकास मिळत नाहीत. या मातीवर पांढरा थर दिसेलच असे नाही. चोपणाची ओळख रंगापेक्षा पाणी मुरण्याच्या वेगावरून अधिक खात्रीने पटते.

हे सोडियम येते कोठून? गंगेचे मैदान हिमालयातून आलेल्या गाळाचे आहे आणि त्या गाळात फेल्डस्पार गटातील खनिजे विपुल आहेत. पावसाच्या पाण्यात व मुळांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्या सौम्य आम्लाने ही खनिजे झिजतात आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांची बायकार्बोनेटे येतात. असे पाणी सखल भागात साचून आटू लागले की प्रथम कॅल्शियमचा चुना होऊन तो खाली बसतो. ऊसराच्या पोटातील कंकर म्हणजे हाच शतकानुशतके साचलेला चुना होय. कॅल्शियम असा बाजूला पडला की उरलेल्या पाण्यात सोडियम व बायकार्बोनेट यांची जोडी शिल्लक राहते. ती सोड्याच्या रूपाने मातीचा सामू चढवते आणि कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियमला मिळवून देते.

निसर्गाने हजारो वर्षांत केलेली हीच क्रिया बायकार्बोनेटयुक्त कूपनलिकेचे पाणी देणारा शेतकरी नकळत काही वर्षांत पुन्हा घडवून आणतो. पाळी दिली जाते, पीक पाणी शोषून घेते, मातीतील द्रावण दाट होते, चुना खाली बसतो, सोडियम वर राहतो. पुढच्या पाळीला हेच पुन्हा. पाणी गोड लागण्याचे आणि माती बिघडण्याचे कारण अशा रीतीने एकच ठरते: जिभेला खारट लागणारे क्लोराइड त्यात थोडे असते आणि जिभेला फारसे न जाणवणारे बायकार्बोनेट पुष्कळ.

पाण्याची वजाबाकी

हा धोका मोजण्याची सोपी रीत अमेरिकन संशोधक एफ. एम. ईटन यांनी १९५० मध्ये मांडली. पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करावयाची. उरेल ते ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’, ज्यास प्रयोगशाळांच्या अहवालात आरएससी म्हणतात. सर्व आकडे मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात घ्यावे लागतात. हे एकक आयनांच्या वजनाऐवजी त्यांचा विद्युतभार मोजत असल्याने निरनिराळ्या आयनांची अशी थेट वजाबाकी करता येते. उत्तर १.२५ पेक्षा कमी आले तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ च्या दरम्यान आले तर सावधगिरीने वापरण्याजोगे, त्याहून अधिक असल्यास सिंचनास अयोग्य, असे अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने ठरविले. भारतात पावसाळा दरवर्षी मातीची काही प्रमाणात धुलाई करतो. त्यामुळे येथील वर्गीकरणात २.५ ते ४ दरम्यानचे पाणी मध्यम व ४ च्या पुढील पाणी स्पष्टपणे अल्कधर्मी मानले जाते. सोडियम शोषण गुणोत्तर हा दुसरा निर्देशांक याच्या सोबतीने पाहावा लागतो, कारण आरएससी शून्य असूनही सोडियमचे प्राबल्य असलेले पाणी असू शकते.

एक उदाहरण घेता येईल. एखाद्या कूपनलिकेच्या पाण्यात कार्बोनेट १, बायकार्बोनेट ९, कॅल्शियम २ व मॅग्नेशियम २ आहे असे मानू. वजाबाकी ६ येते. ती २.५ वर आणावयाची तर ३.५ एककांइतका कॅल्शियम बाहेरून द्यावा लागेल. एक घनमीटर पाण्यातील एक एकक आरएससी नाहीसे करण्यास ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. सात सेंटीमीटर खोलीच्या एका पाळीत हेक्टरी ७०० घनमीटर पाणी बसते. तेव्हा प्रत्येक पाळीस सुमारे २११ किलो आणि गव्हाच्या पाच पाळ्यांस मिळून सुमारे १,०५० किलो शुद्ध जिप्सम हवे. बाजारातील जिप्सम ८० टक्के शुद्ध धरले तर हा आकडा सव्वा टनाच्या थोडा वर जातो.

या हिशेबातील मर्म असे, की हा खर्च दरवर्षीचा आहे. जमीन सुधारताना एकदाच हेक्टरी दहा-पंधरा टन जिप्सम मातीत मिसळले जाते आणि त्यानंतर काम संपले असे मानले जाते. पाणी मात्र तेच राहते. उत्तर प्रदेशात १९९३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ऊसर सुधारणेचा मोठा प्रकल्प राबविला गेला. लखनौ येथील रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन्स सेंटरने त्यासाठी उपग्रह चित्रांच्या आधारे ऊसराचे नकाशे तयार केले. लक्षावधी कुटुंबांच्या वाट्याला आलेली पडीक जमीन त्यातून लागवडीखाली आली, हे यश लहान नाही. तथापि सुधारलेल्या जमिनींपैकी काही तुकडे पुन्हा ऊसर होत असल्याचेही नंतर दिसून आले. जेथे भूजल उथळ होते किंवा पाण्यात बायकार्बोनेट अधिक होते, तेथे हे प्रामुख्याने घडले. हे अपयश जिप्समच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. सुधारणा मातीची झाली होती. पाणी सुधारले गेलेच नव्हते.

पाणी शेतात जाण्यापूर्वीच त्यावर प्रक्रिया करण्याची जी पद्धत भारतात विकसित झाली, ती दिसण्यास अगदी साधी आहे. कूपनलिकेच्या तोंडाशी सिमेंटची टाकी बांधतात, तिच्या तळापासून थोड्या उंचीवर लोखंडी जाळी बसवितात आणि जाळीवर जिप्समचे खडे पसरतात. पाणी खालून शिरते, खड्यांच्या थरातून वर चढते व पाटात पडते. वाटेत त्यात लिटरमागे काही मिलीइक्विव्हॅलंट कॅल्शियम विरघळतो. थराची जाडी व पाण्याचा वेग यांवर हे प्रमाण अवलंबून असते. दळलेल्या जिप्समपेक्षा खडे स्वस्त पडतात व पिशव्या फोडून पसरण्याची मजुरी वाचते. मर्यादाही स्पष्ट आहे: पंपाचा विसर्ग मोठा असेल तर पाण्यास खड्यांचा पुरेसा सहवास मिळत नाही आणि आरएससी फार चढे असेल तर एकट्या टाकीने भागत नाही. अशा ठिकाणी गव्हाच्या काढणीनंतर, पावसाळ्यापूर्वी, वर्षाचे जिप्सम मातीत मिसळणे अधिक सोयीचे ठरते.

जिप्समचा पुरवठा हा वेगळाच प्रश्न आहे. देशातील खनिज जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते आणि त्याची वाहतूक महाग पडते. म्हणून लखनौच्या केंद्राने जिप्समची शिफारस केलेली मात्रा घटवून तिला शहरी कचऱ्यापासून केलेल्या खताची जोड देण्याचे प्रयोग केले आहेत. सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतील चुना विरघळवतो आणि बाहेरून न आणलेला कॅल्शियम तेथेच उपलब्ध होतो. प्रेसमड, धैंचाचे हिरवळीचे खत आणि भाताचे पीक यांचा उपयोग याच तत्त्वावर होतो. ऊसर सुधारताना पहिले पीक भाताचेच घेतात, याचे कारण भात केवळ सोडियम सोसतो इतकेच नाही. उभ्या पाण्यात त्याच्या मुळांभोवती तयार होणारे कार्बनिक आम्ल जमीन सुधारण्यास हातभार लावते. त्यामुळेच प्रयोगशाळेत निघणाऱ्या जिप्सम गरजेच्या निम्मी मात्राही पुरेशी ठरते.

भाताची दुसरी बाजू दुर्लक्षून चालत नाही. सर्वाधिक पाणी लागणारे पीक म्हणजे बायकार्बोनेटचा सर्वाधिक भार आणणारे पीक. सीएसआर ४३ हा २०११ मध्ये प्रसारित झालेला वाण सुमारे ११० दिवसांत तयार होतो. त्याचे महत्त्व बहुधा लवकर काढणी व गव्हाची वेळेवर पेरणी यांपुरते सांगितले जाते. परंतु बिघडलेल्या पाण्याच्या प्रदेशात वाचलेल्या प्रत्येक पाळीबरोबर तितके सोडियमही शेताबाहेर राहते, हा त्याचा कमी लेखला गेलेला लाभ आहे.

कालवा आणि वर येणारे पाणी

लखनौ परिसरातील प्रश्नाचा दुसरा पदर शारदा सहायक कालव्याशी निगडित आहे. शारदा नदीचे आणि जोडकालव्याने आणलेले घाघरेचे पाणी घेऊन हा कालवा अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापतो आणि गोमती नदी जलसेतूवरून ओलांडून रायबरेलीकडे जातो. कालव्यातील पाणी हिमालयाचे, उत्तम प्रतीचे आहे. त्याचा बराच भाग भराव घालून, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावर बांधलेला आहे. अशा कालव्यातून पाझर अटळ असतो. शिवाय त्याचा भराव पावसाच्या पाण्याचे जुने उतारही अडवतो.

पाझरलेले स्वच्छ पाणी जमिनीत शिरते, सोडायुक्त थरांतून आडवे सरकते आणि कालव्यालगतच्या सखल शेतांत भूजलपातळी वर आणते. पाणी पृष्ठभागापासून दोन मीटरांच्या आत आले की केशाकर्षणाने ते वर ओढले जाते, पृष्ठभागावर आटते आणि वाटेत उचललेले सोडियम तेथेच सोडून जाते. या ठिकाणी जिप्सम का चालत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. जिप्समचा कॅल्शियम कणांवरील सोडियमला हटवतो; परंतु हटलेले सोडियम मुळांच्या कक्षेखाली वाहून गेले तरच जमीन सुधारते. खाली पाणीच भरलेले असेल तर सोडियम जाणार कोठे? ते तेथेच थांबते आणि उन्हाळ्यात परत येते.

भूमिगत निचरा नळ्या हा याचा पाठ्यपुस्तकी उपाय आहे. मध्य गंगा मैदानात त्यास दोन अडचणी येतात. जमीन इतकी सपाट आहे की नळ्यांतील पाणी सोडण्यास जवळपास नैसर्गिक उतार सापडत नाही. आणि मिटलेल्या मातीतून पाणी इतके सावकाश झिरपते की नळ्या फार जवळजवळ घालाव्या लागतात, त्यामुळे खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून लखनौच्या केंद्राने रायबरेली जिल्ह्यातील कालवाक्षेत्रात वेगळी वाट चोखाळली. शेताच्या एका भागात तळे खणावयाचे, निघालेली माती उरलेल्या भागावर पसरून तो उंच करावयाचा. भूजल होते तेथेच राहते, शेत मात्र त्याच्यापासून दूर होते. उंच झालेल्या मातीतून पावसाचे पाणी खाली झिरपून सोडियमला वाट मिळते, तिच्यावर भाजीपाला व फळझाडे घेता येतात. तळ्यात पाझराचे पाणी आपोआप भरते व त्यात मासे पाळता येतात. उंच वाफे आणि त्यांच्यामधील खोलगट पट्टे ही याच कल्पनेची कमी खर्चाची आवृत्ती होय. सुरुवातीचा मातीकामाचा खर्च मोठा असल्याने लहान शेतकऱ्यास हे साहाय्याविना जमणारे नाही, ही अडचण मान्य करावीच लागेल. पण जमीन जर एरवी पाण्याखाली पडूनच राहणार असेल, तर खर्चाची तुलना शून्य उत्पन्नाशी करावी लागते.

कालव्याकाठी निलगिरीसारख्या अधिक पाणी शोषणाऱ्या वृक्षांचे पट्टे लावून पाझर अडविण्याच्या जैविक निचऱ्याचाही अभ्यास झाला आहे. अशा पट्ट्यांचे स्थान कालव्याची कड हेच. पाणी दुर्मीळ असलेल्या शिवारात त्यांची नक्कल करणे घातक ठरेल.

याच लखनौ शहरात बेसुमार उपशामुळे भूजल वर्षागणिक खोल जात आहे. काही मैलांवर शेतकरी पाणी खाली जात नाही म्हणून हताश, आणि शहरात पाणी वर येत नाही म्हणून नवी कूपनलिका. जिल्ह्याची सरासरी भूजलपातळी हा आकडा अशा वेळी कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

काळ्या मातीत काय लागू, काय नाही

महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. नीरा खोऱ्यातील क्षारबाधित जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. तथापि लखनौच्या शिफारशी येथे जशाच्या तशा उचलणे धोक्याचे आहे.

पहिला फरक मातीचा. काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट गटाची चिकणमाती फुगते व आकसते. तिच्यावर आयन धरून ठेवण्याची क्षमता गाळाच्या मातीच्या कितीतरी पट असते. त्यामुळे सोडियम हटविण्यास लागणाऱ्या जिप्समचा हिशेबच बदलतो. याहून महत्त्वाचे म्हणजे १५ टक्क्यांची मर्यादा येथे उशिरा इशारा देते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात विनिमययोग्य सोडियम पाच टक्क्यांच्या आसपास असतानाच काळ्या मातीतील पाण्याचा निचरा मंदावत असल्याचे आढळले. म्हणून सोडियमच्या टक्केवारीऐवजी मातीची जलसंवहन क्षमता, ताशी १० मिलिमीटरपेक्षा कमी असणे, हाच चोपणाचा निकष मानावा असा विचार त्यांनी मांडला. माती अहवालात ‘सोडियम सहा टक्के, जमीन सामान्य’ असे वाचून निश्चिंत होणाऱ्या बागायतदारास हा निकष ठाऊक असणे हिताचे आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील क्वर्क आणि स्कोफील्ड या संशोधकांनी १९५५ मध्ये दाखविले की सोडियमयुक्त माती पाणी झिरपू देईल की नाही, हे त्या पाण्यातील एकूण क्षारांवरही अवलंबून असते. पाण्यात काही किमान क्षार असतील तर कण एकत्र राहतात. पाणी अतिशुद्ध झाले की तीच माती विस्कटते. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी हिवाळाभर दिलेले शेत तोवर बरे दिसते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो, त्याचे कारण हेच. पाऊस निमित्तमात्र असतो. सोडियम आधीच बसलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर टाकलेले जिप्सम अशा वेळी सोडियम हटविण्याबरोबरच पावसाच्या पाण्याला तो किमान क्षारही पुरवते.

हेच तत्त्व सांगली-कोल्हापूर भागातील निचऱ्याच्या कामांनाही लागू पडते. कृष्णा-पंचगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनींत भूमिगत निचरा नळ्या घातल्या जात आहेत. तेथे नदी-ओढ्यांकडे उतार मिळत असल्याने लखनौत न जमणारा हा उपाय शक्य होतो. अशा जमिनीतून विद्राव्य क्षार झपाट्याने धुतले जातात व पांढरा थर नाहीसा होतो. परंतु कणांवर सोडियम शिल्लक असेल आणि जिप्समची जोड दिली नसेल, तर क्षार गेल्यानंतर माती मिटते आणि खारवट जमिनीची चोपण जमीन होते. मग नळ्यांपर्यंत पाणीच पोहोचत नाही व दोष नळ्यांना दिला जातो. निचऱ्यापूर्वी विनिमययोग्य सोडियमची तपासणी करून घेणे हा नळ्यांच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य खर्च आहे.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत मातीतच मुबलक चुना असल्याने तो विरघळविणारे उपाय, म्हणजे गंधक, प्रेसमड, धैंचा किंवा ताग, अधिक उपयुक्त ठरू शकतात. गंधकाचे आम्लात रूपांतर जिवाणू करतात व त्यास ओल व काही आठवड्यांचा अवधी लागतो. म्हणून ते पेरणीच्या दिवशी टाकण्यात अर्थ नाही.

पाण्याचा नमुना

या सर्व निर्णयांचा आधार पाण्याचे परीक्षण हा आहे आणि ते बहुधा अपुरे केले जाते. पुष्कळ ठिकाणी सामू व विद्युतवाहकता एवढेच मोजून पाणी ‘योग्य’ ठरविले जाते. आरएससी काढण्यासाठी कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम आणि सोडियम शोषण गुणोत्तरासाठी सोडियम, अशा पाच आयनांची मागणी प्रयोगशाळेकडे स्पष्टपणे करावी लागते.

नमुना घेण्यापूर्वी पंप अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे नळीत थांबलेले पाणी निघून जाते. प्लास्टिकची एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. खताच्या अथवा औषधाच्या डब्याचा वापर करू नये. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. वर हवा राहिली तर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निसटतो, बायकार्बोनेटचा समतोल बदलतो, काही चुना बाटलीच्या तळाशी बसतो आणि प्रयोगशाळेत कॅल्शियम प्रत्यक्षाहून कमी भरतो. बाटलीवर गट क्रमांक, विहीर की कूपनलिका, तिची खोली व दिनांक लिहून ती सावलीत ठेवावी व शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवावी. एक नमुना मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, आणि दुसरा पावसाळा संपल्यावर घ्यावा. एकाच शिवारातील दोन कूपनलिकांचे पाणी खोलीनुसार अगदी भिन्न असू शकते; शेजाऱ्याचा अहवाल आपल्या शेताला लावता येत नाही. मे महिन्यातील अहवाल हाती असेल, तर त्या वर्षीचे जिप्सम पावसाळ्यापूर्वी मातीत घालण्यास अजून वेळ उरलेला असतो.